चौऱ्याऐंशी पावलांचा फेरा

बी. ए. भाग २

आपण रोज जी मराठी बोलतो, तिच्यात एक जुना खेळ दडून बसला आहे. कुणाचा डाव उलटतो, कुणाला मनासारखे दान पडते, कुणी दुसऱ्याच्या हातातली सोंगटी होऊन बसतो. एखाद्याची चैन चालली की आपण म्हणतो, 'त्याचे काय, पौबारा आहेत!' स्वस्तात गेलेली वस्तू कवडीमोल ठरते आणि महिनाअखेरीला खिशात फुटकी कवडीही उरत नाही. हे शब्द वापरणाऱ्यांपैकी पट डोळ्यांनी पाहिलेले किती निघतील? पौबारा म्हणजे काय, हे आमच्या वर्गात मी विचारून पाहिले. 'मजा' एवढेच उत्तर सर्वांकडून मिळाले. खरे तर तो फाशांचा हिशोब आहे. सारीपाट लांबट, चौकोनी अशा तीन फाशांनी खेळतात. दोन फाशांवर सहा-सहा आणि तिसऱ्यावर एक पडला की झाले पौबारा, म्हणजे एक आणि बारा.

हे मला कुठल्या पुस्तकातून कळले नाही. गेल्या मे महिन्यात माझ्या आजीने मला सोंगट्या शिकवल्या. तिच्या बोलण्यातून हे आले.

भोगावतीच्या काठी, उसाच्या पट्ट्यात आमचे गाव आहे. तिथून एस.टी.ने रंकाळा स्टँडवर उतरून कॉलेजला येणारी आमच्या घरातली मी पहिलीच. अण्णा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. आजी शाळेत गेलीच नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, हे आम्ही इतिहासात शिकतो. त्यानंतर चाळीस वर्षांनी जन्मलेल्या माझ्या आजीच्या वाट्याला मात्र गुरे आली. ती सही करत नाही, अंगठा उठवते. पण डेअरीच्या दर दहा दिवसांच्या बिलात कधी दोन रुपयांची चूक झाली, तर ती तिने घरी येईपर्यंत तोंडी पकडलेली असते.

आमचे आजोबा गावात सोंगट्यांसाठी प्रसिद्ध होते. मारुतीच्या देवळात दुपारी त्यांचा चौघांचा पट बसायचा. उसाची लागण होवो की ग्रामपंचायतीची निवडणूक, दुपार चुकायची नाही. तीन वर्षांपूर्वी आजोबा गेले. त्यांच्या आधी एक भिडू गेला होता, आणि दुसरा मुलाकडे पुण्याला राहायला गेला. देवळातला पट उठला. एका पिशवीत गुंडाळलेला तो पट आमच्या माजघरात खुंटीवर लटकत राहिला. अण्णांनी एकदोनदा म्हटलेही, 'देऊन टाकू कुणाला तरी. धर्मराजाचं राज्य बुडालं याच्यापायी.' आजी काही बोलली नाही. पिशवी मात्र खुंटीवरच राहिली.

मेच्या सुट्टीत घरी गेले. दुपारी झोप येईना म्हणून मोबाइलवर लुडो खेळत होते. आजी शेजारी कडधान्य निवडत होती. बराच वेळ तिने वाकून पाहिले आणि म्हणाली, "ह्या तर सोंगट्याच की गं! पर ह्यात दान कोण टाकतंय?"

"मोबाइलच टाकतो."

"मग तू काय करतीयास?"

या प्रश्नावर मला हसू आले. पण तिने सूप बाजूला ठेवले, खुंटीवरची पिशवी काढली आणि जमिनीवर पट पसरला.

पट तिनेच शिवलेला होता. जुन्या लुगड्याच्या काळ्या कापडावर पिवळ्या काठाच्या पट्ट्या. अधिक चिन्हासारख्या चार फांद्या, प्रत्येक फांदीत तीन ओळी, एका ओळीत आठ घरे. म्हणजे एका फांदीत चोवीस आणि चारही मिळून शहाण्णव घरे. मधे मोठा चौकोन, त्याला म्हणायचे 'घर'. प्रत्येक फांदीत तीन ठिकाणी लाल दोऱ्याने फुल्या घातलेल्या. लाल, हिरव्या, पिवळ्या, काळ्या अशा लाखेच्या सोळा सोंगट्या, चौघांना चार-चार. फासे आजोबांबरोबरच कुठे हरवले होते. पण आजी म्हणाली की तिच्या माहेरी बायका कवड्यांवरच खेळायच्या. पिशवीच्या तळाशी सहा कवड्या निघाल्या.

"आजी, तू खेळायचीस?"

"नागपंचमीला. लगीन व्हायच्या आदी."

मी गणित केले. पन्नास वर्षे होऊन गेली होती. या घरात आल्यावर तिने पट शिवला, उसवला की पुन्हा शिवला. आजोबा आणि त्यांचे भिडू पावसाळ्यात आमच्या सोप्यात खेळायचे तेव्हा आतून चहा पाठवला. पटावर बसली मात्र एकदाही नाही. तरी नियम एकही विसरली नव्हती.

आता नियम सांगते. वाचकांनी कंटाळू नये, कारण पुढचे सारे त्यांच्यावरच उभे आहे.

कवड्या ओंजळीत खुळखुळवून टाकायच्या. तोंड वर करून पडली ती उताणी, पाठ वर करून पडली ती पालथी. जितक्या उताण्या तितके दान : दोन, तीन, चार, पाच, सहा. पण एकच उताणी पडली तर दहा, आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. या पंचवीसवरूनच खेळाला पचिशी हे नाव पडले. सहा, दहा आणि पंचवीस ही मोठी दाने. ती पडली तर पुन्हा टाकायला मिळते. आणि मुख्य म्हणजे, मोठे दान पडल्याशिवाय सोंगटी घरातून बाहेर निघत नाही. दोन-तीन-चार कितीही वेळा पडोत, सोंगटी आपली घरातच.

बाहेर निघालेली सोंगटी आपल्या फांदीच्या मधल्या ओळीने खाली उतरते, सगळ्या पटाला उजवीकडून वळसा घालते आणि परत त्याच मधल्या ओळीने वर चढून घरात जाते. परतताना ती आडवी ठेवायची, म्हणजे जाणारी कोण आणि येणारी कोण हे कळते. वाटेत दुसऱ्याची सोंगटी आपल्या घरात येऊन पडली तर आपली मरते आणि पहिल्यापासून सुरुवात करते. मारणाऱ्याला आणखी एक दान मिळते. फुलीवर मात्र कुणाला मारता येत नाही. आमच्याकडे आपल्याच दोन सोंगट्या एका घरात आल्या तर त्यांचे जुग होते आणि जुगालाही हात लावता येत नाही. शेवटी घरात शिरायला नेमके दान लागते. तीन हवे असताना चार पडले तर थांबा.

हा वळसा किती घरांचा, हे मी पेन्सिलीच्या टोकाने मोजले. उतरताना आठ, पटाभोवती अडुसष्ट, वर चढताना सात आणि घरात शिरायचे एक. एकूण चौऱ्याऐंशी. मी आकडा सांगितला तशी आजी म्हणाली, "मग? चौऱ्याऐंशीचा फेराच हाय त्यो." तिला मोजायची गरज वाटली नव्हती. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा तिने कीर्तनात ऐकला होता. पट करणाऱ्याने तो मनात धरला होता की नाही, कोण सांगणार? पण आमच्या घरी तो आकडा असा चपखल बसला.

माझ्या खोलीतली मैत्रीण विज्ञान शाखेची आहे. तिला हे सांगितल्यावर ती वही घेऊन बसली. कवडी उताणी आणि पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली, तर सहा कवड्या चौसष्ट प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी पंचवीसचा प्रकार एक, सहाचा एक आणि दहाचे सहा. म्हणजे सोंगटी बाहेर काढणारी दाने चौसष्टात आठ. सरासरीने आठात एकदा. कवडी नाण्यासारखी सपाट नसल्यामुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडेल, असेही तिने बजावले. मला मात्र त्या 'आठात एकदा'ने गप्प केले. आमच्या गल्लीत माझ्याबरोबर पहिलीत बसलेल्या मुली आठवल्या. हुशारीत त्या माझ्यापेक्षा कमी नव्हत्या. त्यांना फक्त दान पडले नाही.

पुढे ग्रंथालयात या खेळाचा माग काढण्याचा नादच लागला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचा विलाप आहे. त्या काळी बेहड्याची फळे फासे म्हणून वापरत. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शंकर-पार्वती द्यूत खेळत बसलेले कोरले आहेत. अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त चौपटाची माहिती दिली आहे, आणि फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात फरसबंदीवर आखलेला प्रचंड पट आजही आहे. इंग्रजांनी हा खेळ आपल्याकडे नेऊन आटोपशीर केला, कवड्यांच्या जागी एक फासा ठेवला, आणि १८९६ साली इंग्लंडमध्ये त्याचे 'लुडो' या नावाने पेटंट घेतले गेले. तोच खेळ मोबाइलमध्ये बसून माझ्या वसतिगृहात परत आला होता!

पश्चिमेकडच्या बॅकगॅमन या खेळाचे नियमही मी वाचले. दोन खेळाडू, पंधरा-पंधरा सोंगट्या, चोवीस टोकदार घरे आणि दोन फासे. घरात एकटी सापडलेली सोंगटी मारली जाते आणि तिला पुन्हा सुरुवातीपासून यावे लागते; दोन एकत्र असल्या की त्यांना कुणी हात लावू शकत नाही. म्हणजे आपले जुगच की! इराणात या खेळाला नर्द म्हणतात. जुन्या इराणी कथेत असे आहे की हिंदुस्थानच्या राजाने बुद्धिबळाचा पट पाठवून 'हे ओळखा' म्हणून कोडे घातले. तिथल्या बुझुर्गमिहर नावाच्या शहाण्याने ते सोडवले आणि उलट नर्द तयार करून पाठवला. गोष्ट ती गोष्टच. पण उत्तर हिंदुस्थानात चौपटाच्या सोंगटीलाच नर्द म्हणतात, हे कळल्यावर मोठी गंमत वाटली. आजीला सांगितले तर ती म्हणाली, "सोंगटी कुठं बी जाती. तिला काय गावाची शीव हाय?"

मे महिनाभर आम्ही दोघीच खेळलो. पण सोंगट्यांचा खरा डाव चौघांचा. समोरासमोरचे दोघे भिडू, जिंकतात ते दोघे आणि हरतात तेही दोघे. एकट्याच्या चारही सोंगट्या घरी गेल्या तरी भिडूच्या बाहेर असतील तर डाव जिंकलेला नसतो. श्रावणात मी चार दिवस घरी गेले तेव्हा धाकट्या भावाला ओढून बसवले. चौथे कोण? अण्णा सोप्यात तंबाखू मळत बसले होते. "बायकांच्यात कुठं बसू," असे म्हणत होते. आजी म्हणाली, "देव बसला म्हाळसेसंगं. आन् हरला बी." जेजुरीचा खंडोबा म्हाळसेशी सारीपाट खेळला, डाव हरला आणि बाणाईच्या वाड्यावर मेंढरे राखायला गेला, ही कथा आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. अण्णा हसले आणि बसले. त्या दिवशी बाहेर धो धो पाऊस होता आणि आम्ही दिवेलागणीपर्यंत खेळलो. अण्णांना लहानपणी पाहून पाहून सगळे येत होते. आजोबांसारखे दान टाकताना ते 'चल रे दहा!' असे ओरडले, तेव्हा आजीने पदर तोंडाला लावला.

त्या डावात मला सोंगट्यांचा शेवटचा नियम कळला. माझ्या दोन सोंगट्या अजून अर्ध्या वाटेवर होत्या आणि अण्णांच्या पिवळ्या सोंगट्या मागे लागल्या होत्या. आजीची एक सोंगटी फेरा पुरा करून मधल्या ओळीच्या तोंडाशी आली. आता वर चढली की सुटली. पण तिने ती आडवी केलीच नाही. सरळ पुढे, दुसऱ्या फेऱ्याला नेली.

मी म्हटले, "आजी, तुझी सोंगटी घरी चालली होती."

"चालतंय. भिडू मागं असला तर दुसरा फेरा घ्येता येतो."

त्या सोंगटीने मागून येऊन अण्णांची पिवळी मारली. डाव आम्ही जिंकलो.

दिवाळीत घरी गेले तेव्हा पाहुणे येऊन गेले होते. मुलगा कारखान्यात कायम आहे, घरचा ऊस आहे, मागणे काही नाही. 'भाग दोन झाला की उरकून टाकू, मग शिकायचं तर तिकडं शिकेल,' असे अण्णांच्या मनात होते. अण्णा वाईट नाहीत. माझ्या खानावळीचे आणि वसतिगृहाचे पैसे भरताना त्यांचा जीव किती मेटाकुटीला येतो, हे मी पाहिले आहे. भाऊ पुढच्या वर्षी दहावीला जाणार. पाडव्याच्या रात्री जेवणे झाली आणि त्यांनी तो विषय काढला. आई खाली मान घालून भांडी आवरत होती. मला बोलायचे होते, पण आवाज फुटेना.

आजी भिंतीला टेकून गुडघ्यांना तेल चोळत होती. ती म्हणाली, "पोरीची सोंगटी अजून निम्म्या पटावं हाय. आत्ताच कशापायी उचलतोस?"

अण्णा म्हणाले, "आये, खेळ न्हवं ह्यो. पैसा कुठला आणायचा?"

"म्हस इकायची न्हाई या वर्सी. बिल तिच्या खानावळीला जाऊ दे."

घरात शांतता पसरली. म्हैस विकायची हे उन्हाळ्यातच ठरले होते, कारण आजीचे गुडघे गेलेत. पहाटे उठणे, वैरण, शेण, धार, भांडे डोक्यावर घेऊन डेअरी हे आता तिला झेपत नाही. दिवाळीनंतर ती मोकळी होणार होती. सत्तरीकडे झुकलेल्या बाईला विश्रांतीची हाव असते, हे तिने कधी लपवलेही नव्हते.

मी म्हटले, "आजी, नको. तुझे गुडघे..."

"तू गप. भिडू हाईस न्हवं माझी?"

अण्णा बराच वेळ बाहेरच्या अंधाराकडे पाहत होते. मग म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' या शब्दाला बरेच अर्थ आहेत. मी अकरावीला कोल्हापुरात जाणार म्हटले तेव्हाही ते 'बघू'च म्हणाले होते.

हा लेख लिहिते आहे तेव्हा फेब्रुवारी संपत आला आहे. म्हैस अजून गोठ्यात आहे. पाहुण्यांना अण्णांनी काय कळवले ते मला कुणी सांगितलेले नाही, आणि मी विचारलेलेही नाही. परंतु गेल्या आठवड्यात फोनवर त्यांनी आपणहून विचारले, "भाग तीनला फी किती असती?" मी आकडा सांगितला. "बरं," एवढेच म्हणाले.

फाशाने राज्य बुडाले हे खरेच. पण धर्मराजाने पणाला लावली ती माणसे त्याची नव्हती, असे मला आता वाटते. जो दुसऱ्यांना पणाला लावतो, त्याच्या हाती फासा वाईट. आजीने पणाला लावले ते स्वतःचे गुडघे. तिचा हा डाव मी कुठल्याही महाकाव्याच्या शेजारी ठेवीन.

जाता जाता मित्रमैत्रिणींना एक विनंती. सोंगट्यांचे नियम गावोगाव आणि घरोघर वेगळे आहेत. कुठे सहा कवड्या, कुठे सात. कुठे जुग मरत नाही, कुठे मरते. कुठे फासे, कुठे कवड्या. हे सारे छापलेले नाही. ते कुणाच्या तरी आजीला, कुणाच्या आजोबांना तोंडपाठ आहे. या सुट्टीत घरी गेलात की त्यांना विचारा, आणि उत्तर वहीत उतरवून घ्या. आमच्या घरचे नियम मी उतरवले आहेत. वहीच्या पहिल्या पानावर आजीला नाव लिहायला सांगितले. अंगठा नको म्हणाली. दोन दुपारी सराव करून तिने तीन अक्षरे काढली. तिसरे जरा ओळीच्या खाली गेले आहे.